चर्चेनंतर उरतं काय?

शिक्षकानं आपल्या वर्गात घेतलेल्या चर्चांविषयी लिहावं, त्या लिखाणाची संचिका ठेवावी आणि ती पुन्हा पुन्हा वाचावी, या कल्पनेला माझा बरीच वर्षं ठाम विरोध होता. प्रशिक्षणात, केंद्राच्या शिक्षण परिषदेत, मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलताना मी तो मोकळेपणानं मांडत असे. आज मी स्वतः अशी संचिका ठेवते आणि इतरांनी ठेवावी म्हणून त्यांच्या मागे लागते. हे मत कसं बदललं ते सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या विरोधामागची कारणं खोटी नव्हती. त्यातली काही मला आजही तितकीच खरी वाटतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. लिहिण्याचं काम आम्हाला नवीन नाही. हजेरी, टाचणवही, पोषण आहाराची नोंदवही, मूल्यमापनाच्या नोंदी, पोर्टलवर भरायची माहिती, शिवाय मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. पण जे लिखाण शैक्षणिक म्हणूनच येतं आणि तरी वर्गातल्या मुलापर्यंत कधी पोचत नाही, त्याला हे कलम अडवू शकत नाही. माझा विरोध अशा लिखाणाला होता.

त्याला एक इतिहास आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या सोबतीनं प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. मला ती कल्पना मनापासून आवडली होती. शंभरपैकी बेचाळीस गुणांतून मूल कळत नाही, चार ओळींतून कळू शकतं. पण थोड्याच काळात तयार नोंदींची पुस्तकं दुकानात आली, पुढं त्याच नोंदी व्हॉट्सॲपवरून फिरू लागल्या. 'गटचर्चेत सहभागी होतो', 'आपले मत निर्भीडपणे मांडतो' ही वाक्यं ज्या मुलानं वर्षभरात तोंड उघडलं नाही त्याच्याही नावापुढं दिसू लागली. शिक्षक आळशी होते म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. नोंद तपासली जाणार होती, म्हणून ती तपासणाऱ्याला चालेल अशी लिहिली गेली. त्यातून मी मनाशी धरलं की शिक्षकाच्या चिंतनाची सक्ती झाली, तर उद्या चिंतनही छापून विकत मिळेल.

छात्राध्यापकांकडं बघून ही समजूत आणखी घट्ट झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला अनुभव वाढला आणि त्याबरोबर चिंतनात्मक दैनंदिनी लिहिण्याचं कामही आलं. आमच्या शाळेत येणारी ही मुलंमुली उमदी असत. पण त्यांच्या वहीत तास कुठलाही असो, मजकूर साधारण एकच: आज गटचर्चा घेतली, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, मला खूप काही शिकायला मिळालं. फाइल सजवण्यात त्यांची संध्याकाळ जायची. तेवढा वेळ ही मुलं आमच्या पोरांबरोबर मैदानावर घालवती तर बरं, असं वाटत राहायचं.

माझं तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं होतं. चर्चा ही चालू घडीची गोष्ट आहे. मूल काही बोलायला धडपडत असताना शिक्षकाचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर हवं. आपल्याला नंतर यावर लिहायचं आहे, असं ज्याच्या डोक्यात आहे तो तिथं पूर्णपणे हजर नसतो, असं मी म्हणत असे. प्रशिक्षणांत जॉन ड्युई आणि डोनाल्ड शॉन यांची नावं हमखास येत. शॉन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात काम करता करता होणारा विचार आणि काम संपल्यावर होणारा विचार यांत फरक केला आहे. मी त्यातला पहिला भाग उचलला होता. कसलेला शिक्षक तासातच विचार करतो, त्याला कागद कशाला, हा माझा युक्तिवाद होता आणि तो ऐकणाऱ्यांना पटतही असे.

मग एका प्रशिक्षणाचा भाग म्हणून वर्गातल्या काही चर्चा-उपक्रमांवर लिहून संचिका द्यायची वेळ आली. टाळण्यासारखं नव्हतं. आमच्या केंद्रातल्या एका ज्येष्ठ गुरुजींजवळ मी कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, लिहायचंच आहे तर जे झालं ते लिहा. जे व्हायला पाहिजे होतं ते नका लिहू. पोरं जसं बोलली तसं, त्यांच्याच शब्दांत." मी तेवढं पथ्य पाळायचं ठरवलं.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्था आहेत. ग्रामसभेचा भाग चालू होता. मी प्रश्न दिला: ग्रामसभेत सगळ्या गावाचं म्हणणं पोचतं का? आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांपुढं मांडायचं. अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आता आपल्याकडंही बऱ्याच शिक्षकांच्या सरावाची झाली आहे. मुलं गोलात बसली आणि बोलू लागली. टँकर आधी कुणाच्या दारात थांबतो इथून सुरुवात झाली. महिलांची ग्रामसभा वेगळी होते हे एकीनं सांगितलं. मग एक मुलगा म्हणाला, "माझी आई सदस्य आहे, पण मीटिंगला पप्पाच जातात." त्यावर वर्ग पेटला. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत, हे पुस्तकात वाचलेलं आणि घरात दिसलेलं समोरासमोर आलं. मुलं एकमेकांना उत्तरं देऊ लागली, मुली आवाज चढवून बोलल्या. घंटा झाली तरी कुणी उठेना. मी फार समाधानानं वर्गाबाहेर पडले.

रात्री लिहायला बसले. गुरुजींचं ऐकून मुलांची वाक्यं आठवतील तशी, आठवतील त्या क्रमानं उतरवत गेले. आईच्या जागी बैठकीला जाणाऱ्या पप्पांबद्दलची वाक्यं भराभर आली. त्यांच्या आधी काय झालं होतं ते आठवायला वेळ लागला. टँकरचं बोलणं संपत होतं आणि महिलांच्या ग्रामसभेचं सुरू व्हायचं होतं, त्या मधल्या जागेत मागं बसलेली एक मुलगी म्हणाली होती, "बाई, सव्वीस जानेवारीला आमच्या घराला कुलूप असतंय." मी "बरं, आणखी कोण?" म्हटलं होतं आणि चर्चा पुढं गेली होती.

हे वाक्य कागदावर उमटल्यावर मी पुढं लिहू शकले नाही. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं राहतात. ही मुलगी त्यांतलीच. आमच्याकडं ग्रामसभा ठरून होतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. म्हणजे वर्षातली एक ग्रामसभा अशी, की तेव्हा गावातल्या कितीतरी घरांत मोठं माणूसच नसतं. घरकुलाच्या यादीपासून रोजगार हमीच्या कामांपर्यंत अनेक विषय ग्रामसभेपुढं येतात, आणि त्यांची ज्यांना सर्वांत जास्त गरज, ती माणसं त्या दिवशी फडात असतात. माझ्या प्रश्नाला त्या तासातलं सर्वांत नेमकं उत्तर तिनं एका वाक्यात दिलं होतं आणि आम्हा कुणाच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. ते सापडलं ते लिहिताना.

पुढच्या तासाला मी मुलांना म्हटलं, त्या दिवशी एक वाक्य आलं होतं आणि आपण त्यावर थांबलो नव्हतो, आज थांबू. वाक्य कुणाचं ते सांगितलं नाही. कुणाच्या घराला जानेवारीत कुलूप असतं, असं विचारायचीही गरज पडली नाही. मुलं आपणहून बोलू लागली, त्यात आधीच्या चर्चेत गप्प असलेली बरीच होती. फोनवरून ग्रामसभेत बोलता येईल का, असं एकानं विचारलं. ठराव झाल्यावर तो फडावरच्या लोकांना कोण सांगतं, असं दुसऱ्यानं. मुलांनी हे प्रश्न ग्रामसेवकांना नेऊन विचारले, त्यांनी ते ऐकून घेतले. ग्रामसभेची तारीख काही बदलली नाही, ती बदलणं आमच्या हातात नव्हतंच. पण त्या वर्गात ग्रामसभेचा धडा ज्या मुलांचा नव्हता, तो त्यांचा झाला.

माझं मत तिथून हललं. एका प्रसंगानं आपली इतक्या वर्षांची भूमिका सोडायची का, हा प्रश्न पडला, म्हणून मी कारण शोधत राहिले. ते सापडलं असं आता वाटतं. शाळेतलं बाकीचं बहुतेक काम काहीतरी मागं ठेवून जातं. गणिताची वही उरते, निबंध उरतो, उत्तरपत्रिका उरते, चित्र भिंतीवर राहतं. मूल कुठं अडलं ते आठवड्यानंतरही वही उघडून बघता येतं. चर्चेचं तसं नाही. घंटा झाली की ती संपते आणि शिक्षकाजवळ राहते ती आठवण. ही आठवण तटस्थ नसते. जिथं वाद रंगला ते तिला धरून ठेवता येतं, मोठ्यानं बोललेलं आठवतं, आपल्याला हवं असलेलं उत्तर आठवतं. अर्धं राहिलेलं, हळू आलेलं, विषयाला सोडून वाटलेलं वाक्य निसटतं. चर्चा जितकी रंगतदार, तितकं निसटणं जास्त. म्हणूनच व्याख्यानानं शिकवणाऱ्या शिक्षकापेक्षा चर्चेनं शिकवणाऱ्या शिक्षकाला लिहिण्याची गरज अधिक आहे. त्याच्या कामाचा दुसरा पुरावाच नाही.

त्यानंतर मी बी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलेलं पुन्हा काढलं. फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती आपल्याकडं बी.एड.ला असतेच: दहा वर्ग, त्यांतले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. आम्ही ते पाठ केलं होतं, पण आपल्याच वर्गाला लावून बघितलं नव्हतं. माझी पानं मी त्या नजरेनं वाचली तेव्हा दिसलं की मूल एक वाक्य बोलतं आणि मी त्याचं भाषांतर करते. एकानं म्हटलं, "टँकर आधी वरच्या आळीला रिकामा होतो." मी लगेच म्हटलं, "म्हणजे पाण्याचं असमान वाटप." वाक्य पुस्तकी झालं आणि माझं झालं. त्याला पुढं काय सांगायचं होतं ते मी कधी ऐकलंच नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. हे मला ठाऊक होतं. आपण थांबतो, अशीही माझी समजूत होती. माझ्या पानांवर मात्र मुलाच्या वाक्याला लागूनच माझं वाक्य होतं, पुष्कळ ठिकाणी.

आता मी एक साधी गोष्ट करते. चर्चेच्या वेळी एक मूल गोलाबाहेर बसून नकाशा काढतं: बसलेल्यांची नावं गोलात लिहायची आणि कुणानंतर कुणी बोललं तशा रेघा ओढायच्या. सुरुवातीच्या नकाशांत जवळजवळ सगळ्या रेघा माझ्यापर्यंत येऊन परत जात होत्या. मुलं एकमेकांशी बोलत नव्हती, माझ्याशी एकेकटी बोलत होती. तेव्हापासून मी गोलात बसत नाही. रेघा मुलामुलांत फिरू लागल्या, पण सगळं सुधारलं असं नाही. काही मुलं नकाशात कायम रेघेविना राहिली. त्यांच्यासाठी मला जोडीत बोलण्याच्या वेळी जवळ जाऊन बसावं लागलं, तेव्हा कळलं की त्यांतली काही तिथं भरभरून बोलतात. चारचौघांत न बोलणारं मूल चर्चेत नाही, असं धरणं बरोबर नाही.

लिहिण्यामुळं आपण वर्गातून उठून बाहेर जातो, हा माझा जुना आक्षेपही मी पुन्हा तपासला. मी वर्गात लिहीत नाही. पण रात्री मुलांचे शब्द उतरवायचे आहेत हे माहीत असल्यामुळं दिवसा मी ते अधिक नीट ऐकते. पूर्वी मी मुलाच्या बोलण्यात माझ्या पुढच्या प्रश्नाला जागा शोधत असे. आता वाक्य संपेपर्यंत ऐकते, कारण ते मला तसंच लक्षात ठेवायचं असतं.

हे काही मला नव्यानं सुचलेलं नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बोर्ड फॉर प्रोफेशनल टीचिंग स्टँडर्ड्‌स या संस्थेनं अनुभवी शिक्षकांना प्रमाणपत्र देताना संचिका मागायला सुरुवात केली, आणि तीत वर्गचर्चेचं चित्रीकरण व त्यावर शिक्षकानं केलेलं विश्लेषण असे. आपल्याकडंही ही वाट आहे. कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम करताना अनुताई वाघ लिहीत राहिल्या. कोल्हापूरला १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांच्या पुस्तकांतलं शिक्षण वर्गातल्या अनुभवातून वर आलेलं आहे. गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' तर एका शिक्षकाच्या प्रयोगाची, त्यातल्या फजितीसकट, सांगितलेली हकिकतच आहे. ही माणसं तपासणीसाठी लिहीत नव्हती.

इथं माझ्या जुन्या मताचा जो भाग शिल्लक आहे, तो सांगते. संचिका तपासणीसाठी मागितली, तिला गुण किंवा शेरा जोडला, अनुक्रमणिका आणि फोटो सक्तीचे केले, की तीत पुन्हा 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हेच वाक्य येईल. चर्चा फसली, मुलं गप्प राहिली, मी मध्ये बोलले, असं कुणीही वरिष्ठांना द्यायच्या फाइलमध्ये लिहिणार नाही. आणि फसलेल्या चर्चेविषयी लिहिलेली पानंच माझ्या सगळ्यांत उपयोगाची ठरली आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मोकळी चर्चा झाली की मुलं घरचं बोलतात. उचलीचं कर्ज, वडिलांची दारू, बहिणीचं लवकर ठरवलेलं लग्न. हे त्यांनी वर्गाला विश्वासानं सांगितलेलं असतं, कार्यालयाला नाही. म्हणून माझ्या संचिकेत मुलांची नावं नसतात, खुणा असतात, आणि काही गोष्टी मी लिहीतच नाही. एखादं मूल खरोखर अडचणीत असेल तर त्याच्यासाठी जे करायचं ते कागदाबाहेर, ताबडतोब करायचं असतं. संचिकेचे नमुने तयार करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला मला अजून दिसलेला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. माझी मागणी साधी आहे: यातले काही तास स्वतःच्या वर्गाविषयी लिहिण्याला आणि ते सहकाऱ्यांसमोर वाचण्याला द्या, आणि त्याचा कागद मागू नका. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना आणि परिपत्रकं यांतून अर्धा तास काढा. त्यात एका शिक्षकानं आपलं एक पान वाचावं, बाकीच्यांनी शेरा न मारता प्रश्न विचारावेत. आमच्या केंद्रात आम्ही काहीजणी हे आपापसांत करतो. परवा एकीनं सातवीच्या चर्चेचं पान वाचलं, तेव्हा दुसरीनं विचारलं, "यात मुलींचं एकही वाक्य कसं नाही?" पान वाचणारीला ते स्वतःला दिसलं नव्हतं. असा प्रश्न तपासणी अधिकाऱ्यापेक्षा शेजारच्या शाळेतली बाई अधिक चांगला विचारू शकते, कारण तिला त्यातून काही सिद्ध करायचं नसतं.

आणि माझ्यासारखाच विरोध ज्यांच्या मनात आहे त्या शिक्षक बंधुभगिनींना: तुमची कारणं सोडू नका. संचिका, नमुना, रकाने यांचा विचारही करू नका. या आठवड्यात घेतलेल्या एका चर्चेतली मुलांची वाक्यं त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत, आठवतील तेवढी लिहा. ज्या वाक्याला कुणीच उत्तर दिलं नाही ते शोधा आणि पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करा.